मातींतून आलेले तुकडे



आपल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा एक विशेष स्वभाव आहे. उन्हाळ्यांत ती तापून भेगाळते. एकेक भेग अशी कीं, मुलाचा हात कोपरापर्यंत आंत जावा. मृगाचा पाऊस पडला म्हणजे तीच जमीन फुगते आणि भेगा मिटून जातात. वर पडलेलें नाणें, खिळा किंवा भांड्याचा तुकडा ह्या भेगांतून खालीं जातो, आणि पुढें कधीं तरी नांगराच्या फाळाबरोबर पुन्हां वर येतो. ज्याच्या हातीं तो लागतो त्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हें कशाचें आहे? आणि हें कोणाचें आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर पदार्थविज्ञान देतें. दुसऱ्याचें उत्तर मिळवावयास इतिहास, कायदा आणि कधीं कधीं शेजारची एखादी वृद्ध बाईहि लागते. ह्या दोन प्रश्नांची गल्लत केली म्हणजे माणूस कसा फसतो, आणि ते निरनिराळे ठेवले म्हणजे काय हातीं येतें, ह्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

माझी शिक्षकी कांहीं वर्षें नांदेड जिल्ह्यांत व त्यानंतर लातूर जिल्ह्यांत गेली. दोन्ही ठिकाणीं प्रयोगशाळेच्या कपाटांत मीं एक लांकडी पेटी ठेविली. सुटींत गांवीं जाऊन आलेल्या मुलांनीं शेतांत, ओढ्यांत किंवा पडक्या वाड्यांत सांपडलेले धातूचे अनोळखी तुकडे तींत आणून ठेवावे, आणि शनिवारच्या अर्ध्या सुटींत आपण सर्वांनीं मिळून ते ओळखावे, असा आमचा परिपाठ. ह्या पेटीचे नियम तीनच. तुकडा कोठें व केव्हां सांपडला तें चिठ्ठीवर लिहावें. तो चिंचेनें, राखेनें किंवा वाळूनें घांसूं नये. आणि बंदुकीच्या काडतुसासारखी किंवा बाँबगोळ्यासारखी वस्तु दिसल्यास तिला हात न लावतां वडील माणसांकरवीं पोलिसांस कळवावें.

दुसऱ्या नियमाचें मुलांस फार नवल वाटतें. घरांत तांब्या घांसून लखलखीत करणें हें चांगल्या वळणाचें लक्षण. मग येथें मनाई कां? त्याचें कारण असें कीं, जमिनींत राहिलेल्या धातूवर जो रंग चढतो तीच त्याची पहिली ओळख होय. तांबें व त्याच्या मिश्रधातू हिरव्या होतात. लोखंडावर तांबूस तपकिरी गंज चढून त्याचे पापुद्रे सुटतात. चांदी काळवंडते. शिशावर पांढुरका राखी थर बसतो. सोनें मात्र जसेंच्या तसें राहतें. हा थर घांसून काढला तर ओळख जाते, आणि नाण्यावरील अक्षरें थरांतच उरलेलीं असल्यास तींहि जातात.

रंगानंतर लोहचुंबक. चुंबकानें ओढलें तर बहुधा लोखंड किंवा पोलाद. न ओढलें तर दुसरें कांहीं. त्यानंतर वजन. आर्किमिडीज ह्या ग्रीक शास्त्रज्ञाच्या नांवानें सांगितली जाणारी राजमुकुटाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. तीच युक्ति आपण वापरतों. तुकडा ताजव्यांत तोलावा. मग मोजपात्रांत पाणी घेऊन दोऱ्यानें तो आंत सोडावा आणि पाणी किती घन सेंटिमीटर चढलें तें पाहावें. वजनास त्या आंकड्यानें भागिलें म्हणजे विशिष्ट गुरुत्व निघतें. तें ॲल्युमिनियमचें २.७, जस्ताचें ७.१, लोखंडाचें ७.९, पितळेचें सुमारें ८.५, तांब्याचें सुमारें ९, चांदीचें १०.५, शिशाचें ११.३ आणि सोन्याचें १९.३ असतें. ह्या आंकड्यांस भीड नाहीं आणि भुलहि नाहीं.

तथापि एकाच परीक्षेवर विसंबून चालत नाहीं. उदगीरकडील एका मुलीनें एक काळाकुळकुळीत वांकडा तुकडा आणिला होता. विशिष्ट गुरुत्व सातांच्या किंचित् वर आलें. मुलें म्हणालीं, गंजलेलें लोखंड असावें. परंतु चुंबक त्याला शिवेना. भिंगाखालीं धरल्यावर त्या काळ्या पृष्ठभागांत केंसासारखी बारीक पांढरी रेघ दिसली, आणि रेघेच्या टोंकाशीं एक पाकळी. तो बिदरी कामाच्या भांड्याचा कांठ होता. बिदर उदगीरपासून फार दूर नाहीं. तेथील कारागीर जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, त्यांत चांदीच्या तारा व पत्रे ठोकून बसवितात, आणि बिदरच्या किल्ल्यांतील मातींत नवसागर मिसळून त्या लेपानें जस्ताला काळें करतात. चांदी पांढरीच राहते. ज्याला मुलें लोखंड समजलीं तें एखाद्या घरच्या हुक्क्याचें किंवा पानदानाचें अंग होतें.

उदगीरकडूनच आलेल्या एका गोळीचीहि अशीच कथा. बोराएवढी, राखी, हातांत जड. कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी रेघ उमटे. शिसेंच तें. आतां १७६० सालीं उदगीरास सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेनें निजामाचा पराभव केला हें मुलांनीं इतिहासांत वाचलेलें. लगेच ती गोळी भाऊसाहेबांच्या बंदुकीची ठरली! परंतु कोळी आपल्या जाळ्यासहि शिशाचे मणी लावतात. मण्यास आरपार भोंक असतें, गोळीस नसतें. ह्या गोळीस तें नव्हतें. इतक्यावरून ती बंदुकीची असावी असें म्हणतां येतें. कोणाच्या बंदुकीची व कोणत्या सालची, हें शिसें सांगत नाहीं. तेथें थांबणें हाहि विज्ञानाचाच एक भाग आहे.

नांदेडच्या एका मुलानें आणिलेल्या तांबूस नाण्यानें तर वर्गांत मोठीच खळबळ उडविली. त्यावरील फारसी आंकडे इतवाऱ्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं वाचून दाखविले: १३६२. मुलांनीं तत्काळ बहामनी राज्याचा काळ काढिला. परंतु हें वर्ष हिजरी सनाचें. हिजरी वर्ष चांद्रमानाचें, म्हणून आपल्या वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं आंखूड; केवळ सहाशें बावीस मिळवून इसवी सन निघत नाहीं. हिशेब केला तेव्हां तें १९४३ साल ठरलें. म्हणजे तें नाणें निजामाच्या हैदराबाद संस्थानचें, हाली सिक्क्याचें होतें. त्या काळीं सात हाली रुपयांस सहा इंग्रजी रुपये असा भाव असे, आणि हाली रुपयावर चारमिनारचें चित्र असे. सहा शतकांचें नाणें एका क्षणांत आजोबांच्या खिशांतलें झालें! मुलें हिरमुसलीं. परंतु त्या मुलाचे आजोबा हें ऐकून दुसऱ्या दिवशीं स्वतः शाळेंत आले, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत सामील झालें त्या वेळच्या बाजाराची हकीकत त्यांनीं मुलांस तासभर सांगितली.

लातूरजवळ जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेला सांपडलेली चार भोंकांची लोखंडी पट्टीहि मुलांनीं प्रथम औशाच्या किल्ल्याच्या दरवाज्यास बहाल केली होती. ती निघाली फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांचीं टोंकें जोडणारी पट्टी. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी अरुंद मार्ग १९११ सालीं लातुरास पोंचला आणि शंभर वर्षें भरण्यापूर्वींच तेथें रुंद रूळ आले. छोटी गाडी गेली. ज्यांवरून ती धांवली त्या लोखंडाचा एक सांधा मागें राहिला.

आतां ज्या प्रसंगामुळें हा लेख लिहावासा वाटला तो सांगतों. औसा तालुक्यांतील, किल्लारीच्या भागांतील एक विद्यार्थी नववींत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे त्या भागांत भूकंप होऊन हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं, हें तुम्हांस ठाऊक आहे. पुढें गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जुन्या गांवठाणांत दगडांचे ढीग व बाभळी उरल्या. ह्या मुलाच्या वडिलांचें रान अशाच एका जुन्या गांवठाणास लागून आहे. तेथें नांगरतांना त्यांस एक पिंवळी वस्तु सांपडली: मुठींत मावेल एवढी, चुनखडीच्या कवचानें वेढलेली, एका बाजूनें पक्ष्याच्या पिसाऱ्यासारखी. गांवांत आवई उठली कीं सोन्याचा मोर निघाला, आणि खालीं हंडा आहे.

आठ दिवसांत दोन अनोळखी माणसें यंत्र घेऊन आलीं. यंत्र रानांत फिरविलें; तें चार ठिकाणीं वाजलें. माल आहे, परंतु तो काढण्यापूर्वीं पूजा करावी लागेल आणि खर्च आधीं द्यावा लागेल, असें त्यांनीं सांगितलें. त्या वर्षीं सोयाबीन पावसांत गेलें होतें व सोसायटीचें कर्ज थकलें होतें. वडिलांनीं बैलजोडी विकण्याचें मनांत आणिलें. मुलानें रडून त्यांच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि बापलेक ती वस्तु फडक्यांत बांधून शाळेंत आले.

मीं त्यांस कांहींएक उपदेश केला नाहीं. वस्तु रात्रभर पाण्यांत भिजत ठेविली, मऊ कुंचल्यानें माती सोडविली आणि दुसऱ्या दिवशीं मुलाच्याच हातीं ताजवा दिला. वजन भरलें १२६ ग्रॅम. मोजपात्रांत पाणी चढलें १५ घन सेंटिमीटर. मुलानें फळ्यावर भागाकार मांडला: ८.४. मग त्यानें आपण होऊन दुसरें गणित केलें. एवढ्याच आकाराचा मोर सोन्याचा असता तर त्याचें वजन १५ गुणिलें १९.३, म्हणजे जवळ जवळ २९० ग्रॅम भरलें असतें. वडील मागल्या बाकावर बसून सर्व पाहात होते. त्यांचें शिक्षण चौथीपर्यंतचें, परंतु दुपटीहून अधिक वजन म्हणजे काय हें तराजूवर माल घातलेल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं.

बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “सर, मग ती मशीन खोटं बोलली का?”

मीं म्हणालों, “मशीन खोटं बोलली नाही. ती ‘धातु आहे’ एवढंच म्हणाली. ‘सोनं आहे’ असं माणूस म्हणाला.”

यंत्राचें कार्य समजून घेतलें म्हणजे हें स्पष्ट होतें. त्याच्या चकतींत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट दिशेनें वाहणारी वीज सोडली म्हणजे भोंवतीं पालटतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आली कीं तिच्यांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि त्यांचा परिणाम यंत्राला जाणवून तें वाजतें. कांहीं यंत्रें आंकडाहि दाखवितात. परंतु धातु किती वीजवाहक आहे, तुकडा केवढा आहे व कसा पडला आहे, ह्या सर्वांचा तो मिळून आंकडा असतो. म्हणून शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची आंगठी ह्यांत यंत्राचा पुष्कळदां घोटाळा होतो. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांस गोळी लागली तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं असेंच यंत्र लावून ती शोधण्याचा यत्न केला. डॉक्टरांनीं शरीराची एकच बाजू तपासूं दिली, आणि पलंगांतील पोलादी तारांनीं यंत्राचा आवाज घोटाळला; गोळी सांपडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कोसात्स्की ह्या पोलिश अधिकाऱ्यानें सिद्ध केलेल्या यंत्रानें मात्र वाळवंटांत पेरलेले सुरुंग शोधून असंख्य सैनिकांचे प्राण वांचविले. यंत्र उपकारक आहे. त्याच्या आवाजाचा अर्थ लावणारा कोण, हें पाहिलें पाहिजे. आणि जेथें एका घटकेंत शेंकडों घरें गाडलीं गेलीं, त्या मातींत यंत्र चार ठिकाणीं वाजलें ह्यांत आश्चर्य तें काय? तेथें प्रत्येक घराचे कोयंडे, कढया आणि खिळे आहेत.

वडील उठतांना एवढेंच बोलले, “सोनं न्हाई तर न्हाई. बैलं वाचली की, सर.” गुप्तधनाच्या नांवाखालीं अघोरी प्रकार करणाऱ्यांस शासन करणारा कायदा आपल्या राज्यांत २०१३ पासून आहे, हेंहि मीं त्यांच्या कानीं घातलें. यंत्रवाले पुन्हां आले तेव्हां त्यांस रानाच्या बांधावरूनच परत जावें लागलें.

तुम्ही विचाराल, उद्यां खरोखरच प्राचीन वस्तु सांपडली तर? त्याचींहि उदाहरणें आपल्या महाराष्ट्रांत आहेत. लातूरच्या पश्चिमेस तेर हें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील ‘तगर’ नांवाच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. तेंच हें तेर. तेथील मातींतून सातवाहनांचीं शिशाचीं व पोटिन नांवाच्या मिश्रधातूचीं नाणीं निघतात. बाजारांत त्या शिशास काय किंमत? परंतु तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं अशा वस्तु वर्षानुवर्षें जमवून जपल्या, म्हणून आज त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय त्या गांवीं उभें आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास कांस्याच्या वस्तूंचा सांठा मिळाला. त्यांत समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ति होती. एवढ्याशा मूर्तीनें दख्खनचा रोमन जगाशीं असलेला व्यापार हातावर आणून ठेविला.

दायमाबादचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं १९७४ सालीं झाडाचें खोड खणतांना कांस्याचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा चार भरीव वस्तु निघाल्या. सर्वांचें वजन साठ किलोंहून अधिक. त्या मोडींत गेल्या नाहींत हें देशाचें भाग्य. कित्येक विद्वान् त्या उत्तर-हडप्पा काळांतील म्हणतात; धातूंतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून दुसऱ्यांनीं त्याविषयीं शंका घेतली. हा वाद कां उरला? कारण त्या वस्तु पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननांत, मातीच्या मोजलेल्या थरांत, मिळाल्या नाहींत. वस्तु हातीं आली; तिच्या अंगाखालची माती हरवली. म्हणून प्राचीन वस्तु दिसतांच हात थांबवावा, जागा जशीच्या तशी ठेवावी, आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांस व पुरातत्त्व विभागास कळवावें. गाडलेल्या धनाची खबर सरकारास द्यावी हें तत्त्व आपल्याकडील कायद्यांत १८७८ पासून आहे. संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणणें १९५८ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याचें नियंत्रण आहे.

तो मोर मात्र शंभर वर्षांचा नव्हता. तो पितळेचा होता, हें आमच्या प्रयोगानें ठरलें. परंतु पिसाऱ्याखालीं एक पांढुरका सांधा होता, त्याचा अर्थ प्रयोगशाळेंत लागेना. मुलगा मोर घरीं घेऊन गेला आणि आजीच्या हातीं दिला. आजीची दृष्टि मंद झालेली. तिनें बोटांनींच तो चांचपला, सांध्यावर बोट थांबविलें, आणि म्हणाली, “ही आपल्या शेजारची समई. पोरीच्या लग्नात पडून मोर तुटला होता. कासारानं डाक लावून दिला.” भूकंपांत त्या शेजाऱ्यांच्या घरचें कोणी वांचलें नव्हतें. वांचली होती ती एकटी तीच मुलगी, कारण ती त्यापूर्वींच कंधार तालुक्यांत सासरीं गेली होती.

त्या दिवाळीच्या सुटींत बापलेक एस. टी. नें कंधारकडे गेले. मोर त्यांनीं फडक्यांत नव्हे, तर नव्या खणांत बांधून नेला. तेथें काय झालें हें मुलानें मला फारसें सांगितलें नाहीं. त्या बाईंनीं तो हातांत घेतला, उलटा करून सांधा पाहिला आणि माहेर सोडल्यापासून प्रथमच कोणी माहेरून आलें असें म्हणाल्या, एवढेंच त्यानें सांगितलें. मोडीच्या दुकानांत त्या १२६ ग्रॅम पितळेचे फार तर एका वेळच्या भाजीएवढे पैसे आले असते.

मित्रहो, येत्या सुटींत तुम्हांपैकीं कोणास शेतांत असा एखादा तुकडा सांपडेल. तो घांसूं नका, विकूं नका, आणि त्याच्या जागेची चिठ्ठी लिहावयास विसरूं नका. कशाचा आहे तें आपण सर्व मिळून ताजव्यावर पाहूं. कोणाचा आहे तें विचारावयास मात्र तुम्हांस गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांपाशीं बसावें लागेल, आणि तीं माणसें दरवर्षीं थोडीं थोडीं कमी होत आहेत.